नाव काय म्हणालात?

ड्रायव्हरने डॅशबोर्डवरचा जाड मार्कर उचलला आणि माझ्या हातात दिला. "लिहा नाव," तो म्हणाला. "इथं आलेला प्रत्येक जण लिहून जातो."

समोर कूपर वेची भिंत होती. उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमधल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मधली. १९६९ साली सैन्याने काटेरी तारा ओढून इथं एक 'तात्पुरती' हद्द आखली होती. मग काँक्रीट आलं, काँक्रीटवर पत्रा चढला, पत्र्यावर जाळी. १९९८ चा समझोता होऊन पाव शतक उलटलं तरी भिंत जागची हललेली नाही, आणि शहरातल्या अशा भिंतींची काही फाटकं अजूनही रात्री बंद होतात. हात पोचेल तिथपर्यंत नावंच नावं. बदामात कोंडलेली दोन, कुठली तरी फुटबॉल टीम, एका बाळाचं नाव आणि जन्मसाल. मी माझं नाव देवनागरीत लिहिलं आणि आडनावापाशी थांबले.

"आई, पुढे?" मुलगी म्हणाली. ती डब्लिनला नोकरी करते, तिच्याकडे गेले होते तेव्हाची ही गोष्ट.

"पुरे एवढं."

का पुरे, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पण मिरज-पुणे गाडीत शेजारी बसलेल्या काकू "आपण?" म्हणतात, आपण नाव सांगतो, आणि त्या म्हणतात, "ते झालं, पण आडनाव?" आडनाव कळलं की त्यांचा चेहरा किंचित सैल होतो किंवा किंचित आवळतो, आणि मग डबा पुढे करायचा की नाही ते ठरतं. विचारणाऱ्याला आडनावात काडीचा रस नसतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

बेलफास्टचा एक जुना विनोद आहे. अंधाऱ्या गल्लीत एकाला अडवून विचारतात, कॅथलिक की प्रोटेस्टंट? तो म्हणतो, मी ज्यू आहे. "असशील, पण कॅथलिक ज्यू की प्रोटेस्टंट ज्यू?" ड्रायव्हरने तो आम्हाला हिंदू घालून ऐकवला. आम्ही मनापासून हसलो. त्याने स्वतःचं नाव मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि दोन्ही बाजूंची भिंतचित्रं अगदी एकाच आवाजात दाखवली. बोलण्यातून काही सांडू न देण्याची ही कला त्या गावात सगळ्यांनाच येते. शेमस हीनीची एक कविता आहे, तिचं शीर्षकच मुळी 'काहीही बोल, पण सांगू नकोस काही' अशा अर्थाचं आहे. तीत तो म्हणतो, नॉर्मन, केन, सिडनी म्हटलं की समजावं प्रोटेस्टंट; आणि शेमस म्हटलं की पक्का पोपवाला. नाव सांगितलं नाही तरी शाळा विचारतात. शाळाही टाळलीत तर अक्षर पकडतात: इंग्रजीतलं आठवं अक्षर प्रोटेस्टंटांच्या तोंडी 'एच', कॅथलिकांच्या तोंडी 'हेच'. आणि वायव्येकडच्या त्या गावाला तुम्ही 'डेरी' म्हणता की 'लंडनडेरी', एवढ्यावरून तुमची सात पिढ्यांची कुंडली मांडून होते.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथल्या कॅथलिकांनी घरं, नोकऱ्या, मतं यांतल्या भेदभावाविरुद्ध साठच्या दशकाअखेरीस मोर्चे काढले, आणि तिथून जे पेटलं ते १९९८ पर्यंत धुमसत राहिलं. साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. त्या मुलखाची वस्ती तेव्हा पंधरा लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षाही कमी. म्हणजे मेलेला माणूस बहुतेकदा कुणाच्या तरी ओळखीतला. मारणाराही.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यामुळे आयरिश कवींशी माझी ओळख आधी पाठ्यपुस्तकातली, म्हणजे फारशी नाही. येट्सचं ते तळ्यातलं बेट, मधमाश्या, नऊ ओळी घेवड्याच्या. खरा येट्स मला पुष्कळ उशिरा भेटला, आणि भेटला तो नावं घेताना.

२४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीच्या दारात पॅट्रिक पिअर्स नावाच्या शाळामास्तराने आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचून दाखवला. तो कवीही होता. सहा दिवसांत उठाव चिरडला गेला आणि ३ मेपासून गोळ्या घालणं सुरू झालं. कधी एक, कधी तीन, कधी चार. ऑगस्टमध्ये रॉजर केसमेंटला फाशी झाली तेव्हा आकडा सोळावर पोचला. येट्स तेव्हा इंग्लंडात होता. यातल्या बऱ्याच जणांना तो ओळखत होता. संध्याकाळी रस्त्यात भेटले तर दोन गुळमुळीत शब्द बोलायचे आणि मग क्लबात जाऊन त्यांच्यावर एखादा चुटका सांगायचा, इतपत. त्यातला जॉन मॅकब्राइड तर त्याच्या दृष्टीने दारुडा आणि बढाईखोर. ज्या मॉड गॉनवर येट्सचा आयुष्यभर जीव होता तिचा हा नवरा, आणि त्याने तिला छळलेलं. 'ईस्टर, १९१६' या त्याच्या कवितेत हे सगळं येतं. येट्स त्याला चांगली नावं ठेवतो आणि लगेच म्हणतो, तरीही मी याला माझ्या गाण्यात मोजतो. मराठीत 'नावं ठेवणं' आणि 'नाव घेणं' यांत केवढं अंतर आहे! एकाच कडव्यात एकाच माणसाबाबत दोन्ही करायला मोठी छाती लागते.

पुढे तो थबकतो. फार दिवस त्याग करत राहिलं की काळजाचा दगड होतो, असं म्हणतो. मग विचारतो, हे मरण उगाचच तर नव्हतं? इंग्लंड कदाचित दिलेला शब्द पाळेलही. हा शब्द म्हणजे होमरूलचा. तो कायदा १९१४ मध्ये पास झाला होता आणि लढाई संपेपर्यंत बासनात बांधून ठेवला होता. इथं मला हमखास बेळगाव आठवतं. डब्लिनची टपाल कचेरी जळत होती त्याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ ला, टिळकांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. शब्द आयर्लंडहून घेतलेला. ज्या शब्दावरचा विश्वास उडाला म्हणून तिकडे माणसांनी बंदुका उचलल्या, तो शब्द इकडे त्याच आठवड्यात कोरा करकरीत होऊन बाहेर पडत होता. त्या दिवशी बेळगावच्या मंडपात बसलेल्यांना डब्लिनची कितपत खबर असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

येट्सच्या कवितेत या प्रश्नाला उत्तर नाही. तो म्हणतो, ते देवाचं काम. आपलं काम एवढंच, की नावामागून नाव पुटपुटत राहायचं, खेळून दमलेलं पोर झोपलं की आई त्याचं नाव पुटपुटते तसं. आणि मग तो चार नावं लिहितो: मॅकडोना, मॅकब्राइड, कॉनोली, पिअर्स. कवितेच्या सुरुवातीला या माणसांना नावं नाहीत. 'हा', 'तो', 'ती बाई'. मेल्यावर ती नावाला येतात. 'ती बाई' म्हणजे काउंटेस मार्केविच. बाई म्हणून तिची देहदंडाची शिक्षा टळली, ती जगली, आणि कवितेत शेवटपर्यंत 'ती बाई'च राहिली.

सप्टेंबरात लिहिलेल्या या कवितेच्या आधी पंचवीसच प्रती खाजगीत छापल्या. लोकांपुढे ती यायला १९२० उजाडलं. हा उशीर सावधपणाचा होता, आणि मला तो येट्सच्या बाजूने लावून घेता येत नाही. मॉड गॉनने तर त्याला सरळ कळवलं होतं की कविता आवडली नाही, ती तुला शोभत नाही आणि विषयाला तर मुळीच नाही. तिला दगडाची गोष्ट नको होती, हुतात्मे हवे होते. दोघांपैकी कुणाची बाजू घ्यायची ते माझं वाचनागणिक बदलतं.

नावं पुटपुटली की ती हवेत विरत नाहीत. त्या सोळांत जोसेफ मेरी प्लंकेट नावाचा आणखी एक कवी होता. गोळी घालण्याआधी काही तास तुरुंगातच त्याचं लग्न लागलं. साठ-सत्तर वर्षांनी पॉल मल्डूनच्या कवितेत हे नाव एका शाळेच्या हजेरीपत्रकात सापडतं, सगळ्यात शेवटी: जोसेफ मेरी प्लंकेट वॉर्ड. कवितेचं नाव 'अन्शो', म्हणजे आयरिशमध्ये 'इथं', आपल्या भाषेत 'हजर'. मास्तर हजेरी घेतो, पोरं 'अन्शो' म्हणतात, आणि शेवटच्या नावाला बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मग नजरानजर होते, आणि मास्तर त्याच्या आडनावावर कोटी करतो. पोरगा उशिरा उगवला की मास्तर त्यालाच कुंपणावरून छडी तोडून आणायला पाठवतो, त्याच्याच पाठीसाठी. पोरगा पुढे पुढे छडी घरूनच घेऊन येऊ लागतो. घासून गुळगुळीत केलेली, वर लाल-पिवळ्या लाखेचा पीळ असलेली, आणि इतक्या निगुतीने केलेली की त्याने तिच्यावर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली असतात. शेवटच्या कडव्यात तो मोठा झालेला भेटतो. आयर्लंडसाठी लढतोय, छुप्या तळाचा कमांडंट आहे, आणि सांगतो की रोज सकाळी माझे सैनिक हजेरी देतात, आपापलं नाव आलं की 'अन्शो' म्हणतात.

उठावावर शब्द नाही, गोळीबारावर नाही. फक्त एक छडी. मी ही कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. माझ्याही पटावर शेवटी एक नाव होतं. आठवड्यातले तीन दिवस तो मुलगा नसायचा. ऊसतोडीचा हंगाम, घरचं काही, कधी नुसताच. मी त्याचं नाव घ्यायची, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "साहेब आज दौऱ्यावर?" वर्ग खदखदून हसायचा. मी कधी कुणावर छडी उगारली नाही याचा मला अभिमान होता. त्या वाक्याला मी छडीत धरलंच नव्हतं.

हीनीकडे येते. त्याच्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी आणखी भर घालू नये, पण दोन जागा सोडवत नाहीत.

त्याच्या गावाजवळ 'ब्रोअख' नावाचं एक शिवार आहे, मूळ आयरिश अर्थ नदीचा काठ. त्यावर चिमुकली कविता आहे, पावसाची, बुटांच्या टाचेने उमटलेल्या खुणेची, आणि शेवटी त्या नावातल्या अखेरच्या घशातल्या उच्चाराची, जो परक्यांना जमत नाही. गंमत अशी की तो उच्चार तिथल्या कॅथलिकालाही जमतो आणि प्रोटेस्टंटालाही. जमत नाही तो बाहेरून आलेल्याला. आपला 'ळ' तसाच. टिळकांचा 'तिलक' करणारा आला की मिरज-पुणे गाडीच्या त्या डब्यातले सगळे, एरवी आडनावं हुंगणारे, क्षणभर एका बाजूचे होतात. १९७२ सालच्या संग्रहात ही कविता आली. त्याच वर्षी ३० जानेवारीला डेरीत ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला. तेरा जण जागीच गेले, एक पुढे.

दुसरी जागा त्याच आठवड्यातली. हीनीच्या सासऱ्यांच्या पबमध्ये एक मासेमार यायचा. ईल पकडणारा, अबोल. हीनी त्याचं वर्णन करतो ते असं: तो आवाज न चढवता उन्हापावसाने रापलेला अंगठा वरच्या फळीच्या दिशेने उचलायचा, की त्याची रम आणि ब्लॅककरंट यायची. डेरीच्या त्या तेरांच्या अंत्यविधीला शोक म्हणून सगळ्यांनी घरात राहायचं ठरलं होतं. हा मात्र तहान लागली म्हणून सवयीने बाहेर पडला, कुठल्याशा पबमध्ये जाऊन बसला आणि तिथल्या स्फोटात गेला. कवितेत त्याचं नाव नाही. हीनी फक्त विचारतो, आपल्या जमातीचा संकेत मोडला, यात त्याचा गुन्हा किती? आणि ज्याला उत्तर विचारतोय तो मेलेला आहे. तेराजणांची नावं भिंतीवर रंगवली जातात, गाण्यात येतात. या मासेमाराला कुठल्याच बाजूच्या भिंतीवर जागा नव्हती, म्हणून त्याच्यासाठी अंगठ्याची ती खूण. त्याच्या अंत्ययात्रेला मी गेलो नाही, हेही हीनी लिहून ठेवतो.

त्याच्या दलदलीतल्या प्रेतांवरच्या कविता जास्त गाजल्या. डेन्मार्कच्या पाणथळीत हजारो वर्षं टिकलेले ते बळी आणि बेलफास्टचे बळी एका सुतात ओवायचे. सुंदर आहेत, पण मला त्या सुंदरपणाचीच भीती वाटते. किअरन कार्सन या बेलफास्टच्याच कवीने १९७५ मध्ये हीनीवर टीका केली होती की हा हिंसेचा राजकवी व्हायला निघालाय, खुनांची दंतकथा करतोय. पुढे खुद्द हीनीने एका कवितेत मारल्या गेलेल्या आपल्या चुलतभावालाच समोर उभं केलं, आणि त्याच्या तोंडून वदवलं की तू माझ्या मरणावर दवबिंदू शिंपडून ते गोड केलंस. स्वतःच्या जुन्या कवितेवर असा घाव घालणारा कवी एरवी विरळा.

कार्सनची स्वतःची 'बेलफास्ट कन्फेटी' अगदी वेगळ्या जातीची. लग्नात उधळतात ती कन्फेटी नव्हे. दंगलीत फेकले जाणारे खिळे, नट, बोल्ट यांना तिथं तसं म्हणतात. कवितेत पोलीस येतात आणि एकदम उद्गारचिन्हांचा पाऊस पडतो, जणू छापखान्यातली खिळ्यांची पेटी फुटली. सगळ्या गल्ल्या त्याला पाठ आहेत, बालाक्लावा, रॅग्लन, इंकरमन, सगळी क्रिमियाच्या लढाईतली उसनी नावं, आणि प्रत्येक गल्ली पुढे बंद. मग प्रश्नांची फैर: नाव काय? कुठून आलास? कुठं चाललास? ते प्रश्न नाक्यावर त्याला विचारले जातायत की तो स्वतःला विचारतोय, कळत नाही.

हाच प्रश्न ५ जानेवारी १९७६ च्या संध्याकाळी आर्मा परगण्यात एका मिनीबसला विचारला गेला. कारखान्यातून घरी निघालेले कामगार, किंग्समिल नावाची जागा. हीनीने १९९५ साली स्टॉकहोममध्ये नोबेल घेताना हा प्रसंग सांगितला. बंदूकवाल्यांनी सगळ्यांना रस्त्याकडेला उभं केलं आणि म्हणाले, तुमच्यातला कोण कॅथलिक असेल त्याने पुढे या. एकच होता. सगळ्यांना वाटलं, हे प्रोटेस्टंट बंदूकवाले असणार आणि याला मारणार. हिवाळ्यातल्या त्या अंधारात शेजारच्या प्रोटेस्टंट सोबत्याने त्याचा हात धरला आणि दाबला. हलू नकोस, आम्ही सांगणार नाही. पण तो पुढे झालाच. त्याला बाजूला लोटलं, आणि उरलेल्यांवर गोळ्या झाडल्या. दहा गेले. हीनी म्हणाला, आपल्याला हवा असलेला उद्याचा दिवस त्या दाबलेल्या हातात आहे. मला पुष्कळदा त्याच्या पुढच्याचं वाटतं, की जो पुढे झाला त्याने उरलेलं आयुष्य तो हात कसा वागवला असेल.

मायकेल लाँगली हा या सगळ्यांत कमी आवाजाचा. ऑगस्ट १९९४ संपताना आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं, आणि चारच दिवसांत त्याची 'शस्त्रसंधी' ही कविता डब्लिनच्या वर्तमानपत्रात आली. तीत ट्रॉयचा म्हातारा राजा आपल्या मुलाला मारणाऱ्या अकिलीसपुढे गुडघे टेकतो आणि त्याच्या हाताचं चुंबन घेतो. खूप कौतुक झालं. लाँगली सांगायचा, पुढे एकदा रस्त्यात एका माणसाने त्याला थांबवलं. म्हणाला, तुमची कविता चांगली आहे, पण मी अजून तिच्यासाठी तयार नाही. लाँगलीला ते पटलं.

बेलफास्टच्या लिसबर्न रोडवर आइस्क्रीमचं एक दुकान होतं. १९८८ साली त्या दुकानात एकाला गोळ्या घातल्या. तो पोलिसात होता, सुट्टीवर असताना भावाचं दुकान सांभाळत होता. लाँगलीच्या धाकट्या मुलीला तो आइस्क्रीमवाला म्हणूनच माहीत. कविता दहाच ओळींची आहे. सुरुवातीला मुलगी स्वाद घडाघडा म्हणून दाखवते: रम-रेझिन, व्हॅनिला, बटरस्कॉच, अक्रोड, पीच. मग ते मारून टाकतात. मुलगी कार्नेशनची फुलं दुकानाबाहेर ठेवून येते. आणि बाप तिच्यासाठी, बरेनच्या माळावर एका दिवसात पाहिलेल्या रानफुलांची नावं घेत जातो, कविता संपेपर्यंत. मी मोजली, एकवीस आहेत. कुणी मारलं, का मारलं, तो कुठल्या बाजूचा, काही नाही. ती फुलं मी पाहिलेली नाहीत, त्यांतल्या बहुतेकांना मराठीत नावं नाहीत, तरी मोठ्याने वाचताना बाराव्या-तेराव्या फुलाशी आवाज धरेनासा होतो.

ती रेडिओवर वाचली गेल्यावर लाँगलीला एका बाईचं पत्र आलं, आभाराचं. खाली लिहिलं होतं, 'आइस्क्रीमवाल्याची आई'.

शाळेत असताना अशा सहीच्या चिठ्ठ्या मला रोज यायच्या. वहीचं फाडलेलं पान, चार घड्या घातलेलं. 'बाईंना नमस्कार. मुलाला ताप असल्याने तो काल शाळेत येऊ शकला नाही.' खाली नुसतं, अमक्याची आई. त्या बायांना स्वतःचं नाव लिहायचं सुचतच नसे. मी त्या हजेरीपत्रकात, त्या मुलाच्या ओळीपाशी खोचून ठेवायची. दौऱ्यावरच्या साहेबांची मात्र चिठ्ठी कधी आली नाही, आणि मीही कधी मागितली नाही.